हळदीचे दर अ‍ॅक्सममध्ये ठेवायचे कुठे: ग्लोबल, एक्स्टेन्शन की स्टेट?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की क्विंटलचा दर शेतकऱ्याच्या मोबाइलवर लगेच दिसावा, अशी सेवा रस्ट भाषेत, वेब सेवांच्या फ्रेमवर्कवर म्हणजे अ‍ॅक्समवर लिहायची आहे असं धरू. दर भरणारी टास्क मागे चालू असते आणि विचारणा हँडलरकडे, म्हणजे तिला उत्तर देणाऱ्या फंक्शनकडे येते. दोघांनी पाहायची पाटी मात्र एकच हवी.

ग्लोबल स्टॅटिक, म्हणजे सगळ्या प्रोग्रामला दिसणारं एकच व्हेरिएबल, हा सगळ्यात कमी लिखाणाचा मार्ग. त्यासाठीचं वन्सलॉक (एकदाच भरता येणारी जागा) रस्ट १.७० पासून स्टँडर्ड लायब्ररीतच आहे. न बदलणाऱ्या सेटिंगला चालेल, दरांना नको. कार्गो या रस्टच्या बिल्ड साधनातल्या टेस्ट एकाच प्रोसेसमध्ये समांतर धावतात आणि एकीने भरलेला दर दुसरीला दिसतो.

एक्स्टेन्शन, म्हणजे विनंतीला चिकटवलेला डेटा, सोयीचं वाटतं, पण तो चिकटवणारा लेयर (राउटरवर चढवायचा थर) लावायचा राहिला तरी कंपायलर हूं की चूं करत नाही; थेट चालू सेवेत ५०० (सर्व्हरची एरर) येतो. त्याहून फसवं म्हणजे, लेयरच्या ओळीखाली नवा राउट (सेवेचा पत्ता) जोडला तर त्याला तो लेयर लागतच नाही. जुने राउट व्यवस्थित, नवा तेवढा पडलेला. लॉगिन केलेला वापरकर्ता मिडलवेअरमधून, म्हणजे हँडलरच्या आधी चालणाऱ्या कोडमधून, पुढे द्यायचा असेल, तर मात्र एक्स्टेन्शनच घ्या.

बाकी सगळ्याला स्टेट, म्हणजे राउटरला एकदा देऊन हँडलरने मागायचा सामायिक डेटा. ०.६ आवृत्तीत आलेल्या या सोयीत स्टेट द्यायचं विसरलात तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. एररचा मजकूर वाचून डोकं धरायची वेळ येते, हे खरं. हँडलरवर एररचं कारण नीट सांगणारा डीबग हँडलर मॅक्रो लावला की बराच उलगडा होतो. एक गोम लक्षात ठेवा: हँडलरला स्टेटचा क्लोन (प्रत) मिळतो. आत नुसता हॅशमॅप (नाव-दराची यादी) ठेवला तर मागच्या टास्कने भरलेला नवा दर हँडलरपर्यंत पोचणारच नाही. तो आर्कमध्ये (क्लोन केला तरी मूळ डेटा एकच ठेवणाऱ्या पॉइंटरमध्ये) हवा, आणि बदलायचा म्हणून आरडब्ल्यूलॉकमध्येही (वाचणारे अनेक, लिहिणारा एक अशा कुलपात).

फक्त ताजा दर पुरेसा असेल तर मी टोकिओ या असिंक लायब्ररीचं वॉच चॅनेल (फक्त शेवटची किंमत पोचवणारी वाट) घेईन. टास्ककडे सेंडर, स्टेटमध्ये रिसीव्हर. हँडलरने बॉरो करून (तात्पुरता उसना घेऊन) आकडा उचलायचा आणि लगेच सोडायचा. धरून ठेवला तर नवा दर लिहिणारा अडकतो.

सेवेच्या दोन प्रती चालवणार असाल, तर यातलं काहीच पुरणार नाही. प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी, म्हणून दर रेडिसमध्ये, म्हणजे सगळ्या प्रतींना जोडता येणाऱ्या वेगळ्या डेटा सर्व्हरमध्ये ठेवा आणि स्टेटमध्ये फक्त त्याचं कनेक्शन.