रेजेक्स101 : कोटातली तर्री सांडू नये म्हणून

कोडमधल्या डबल कोटातल्या (दुहेरी अवतरणचिन्हांतल्या) स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे, रेजेक्सने (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्राने) शोधायच्या तर ते सूत्र तपासायला रेजेक्स101 ही फुकटची वेबसाइट कामाची आहे. पण नुसता हिरवा रंग पाहून पॅटर्न उचलला, तर फसगत ठरलेली. नागपुरातला आयटी पार्क असो की मिहान, टेस्टसाठी आधी ही ओळ टाका:

`नाव = "तर्री पोहे"; शेरा = "म्हणाला, \"तर्री जास्त\"";`

`".*"` (कोटांमध्ये कितीही अक्षरं) पहिल्या कोटापासून शेवटच्या कोटापर्यंत सगळं गिळतो, मधल्या "शेरा =" सकट. `".*?"` (तेच, पण शक्य तितकं कमी) त्याहून लबाड. पोहे बरोबर पकडतो, पण दुसरी स्ट्रिंग `"म्हणाला, \"` इथेच तोडतो आणि शेवटचे दोन कोट रिकामी स्ट्रिंग म्हणून दाखवतो. तर्री बाहेर सांडली ना! चालणारा पॅटर्न असा:

`"(?:[^"\\]|\\.)*"`

कोट आणि बॅकस्लॅश सोडून काहीही, नाहीतर बॅकस्लॅश आणि त्याच्यापुढचं एक अक्षर. चौकटी कंसातला बॅकस्लॅश बरेच जण विसरतात. तो नसला की कंसच बॅकस्लॅश गिळतो आणि इंजिन एस्केप केलेला (आधी बॅकस्लॅश लावलेला) कोटच शेवट समजतं. त्याच कंसात नवीन ओळीचं चिन्हही घाला, नाहीतर एक कोट राहिला की मॅच पुढच्या ओळींवर पसरतो.

साइटची खरी किंमत डीबगरमध्ये आहे, तो पॅटर्न एकेका स्टेपने चालवून दाखवतो. चौकटी कंसापुढे वेग वाढवायला म्हणून + लावा, लांब स्ट्रिंगचा शेवटचा कोट पुसा, आणि स्टेप्स कशा फुगतात ते बघा. आतला + आणि बाहेरचा `*` तीच अक्षरं नाना प्रकारे वाटून बघतात; शेवटी साइटच काम थांबवते. वेगच हवा असेल तर हा घ्या:

`"[^"\\]*(?:\\.[^"\\]*)*"`

डीबगर मात्र पीसीआरईपुरताच (पीएचपी वापरते त्या रेजेक्स इंजिनपुरताच) आहे. डावीकडे फ्लेवर, म्हणजे रेजेक्सचा प्रकार, आपल्या भाषेचा निवडा. जावात पॅटर्न स्ट्रिंगमध्येच लिहावा लागतो, म्हणून प्रत्येक बॅकस्लॅश दुप्पट. कोड जनरेटर ते करून देतो. कॉमेंटमधला एकटा कोट पुढचं सगळं बिघडवतो, त्यासाठी `//.*|` पॅटर्नच्या आधी जोडून कॉमेंटचे मॅच फेकून द्या. एसक्यूएलचं वेगळं, तिथे स्ट्रिंग सिंगल कोटात असते आणि आतला कोट दोनदा लिहितात, म्हणून `'(?:[^']|'')*'`.

क्लायंटचा कोड, त्यातही पासवर्ड असलेला, तिथे पेस्ट करू नका. सेव्ह केल्यावर लिंक तयार होते, आणि ती ज्याच्या हाती पडली त्याला सगळं दिसतं.