स्टोमाभोवती कातडी सोलवटली: पावडर, पेस्ट की रिंग?

स्टोमा म्हणजे शस्त्रक्रियेने पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड. त्याभोवती चिकट पट्टी लावून मलाची पिशवी बसवतात. नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधांच्या दुकानात "स्टोमाजवळ लाल झालंय, काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवर तीन गोष्टी येतात: पावडर, पेस्ट आणि रिंग. तिघींचं काम वेगळं. म्हणून दुकानात जायच्या आधी पिशवी काढून उजेडात नीट बघा. कातडी ओली आहे की कोरडी? पट्टीखाली मल शिरलाय का?

बोट टेकवल्यावर ओल लागत असेल तर पावडर. ती ओल शोषते, म्हणजे पट्टी चिकटायला कोरडी जागा मिळते. फक्त ओल्या भागावर भुरभुरवा आणि जास्तीची हलक्या हाताने झटकून टाका. थर राहिला तर पट्टी सुटते, मल खाली शिरतो आणि दुखणं वाढतं. कातडी बरी झाली की पावडर बंद. अंगाला लावायची टाल्कम इथे चालत नाही.

पेस्टला लोक डिंक समजतात. खरं तर ती खाचा आणि वळ्या बुजवण्यासाठी असते. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं आणि सोललेल्या कातडीवर ते भयंकर झोंबतं. माझ्या आईला इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा, आहे. पेस्ट लागताच ती "अगं, मिरची चोळलीस का!" म्हणून कळवळली होती. कातडी शाबूत असेल आणि खाच बारीक असेल तर मात्र पेस्ट चांगली. अल्कोहोल नसलेलीही मिळते, मागून घ्या.

रिंगही खाचाच बुजवते, पण सहसा ती झोंबत नाही. तळहातात जरा गरम करून बोटांनी ताणायची आणि स्टोमाला लागून बसवायची. इलिओस्टॉमी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी ओल्या जागी पावडर, वरून रिंग, पेस्ट नको. लहान आतड्यातून येणारा मल पातळ असतो, त्यात पाचकरस असतात आणि ते कातडी जाळतात. कोलोस्टॉमीचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या स्टोमाचा, मल बहुधा घट्ट असतो, तिथे पेस्टवर भागतं.

पण या तिन्हींहून महत्त्वाचं आहे ते पट्टीचं भोक. ते स्टोमापेक्षा साधारण 2 ते 3 मिलिमीटरच मोठं हवं. शस्त्रक्रियेनंतर पहिले 6 ते 8 आठवडे स्टोमा आकसत जातो. डिस्चार्जच्या वेळचं माप धरून महिनाभर कापत राहिलात तर उघड्या राहिलेल्या कातडीवर सतत मल पडतो. मग पावडरीच्या कितीही बाटल्या आणा! दर आठवड्याला माप घ्या. पुसायला नुसतं कोमट पाणी पुरे. खोबरेल, हळद, डेटॉल काही नको. तेलाने पट्टी धरत नाही आणि डेटॉलने आग होते.

नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत घामाने पट्टी लवकर सुटते, तेव्हा ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता बदला. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा.

लालीच्या कडेबाहेर बारीक पुरळ आणि खाज असेल तर ते बुरशीचं असू शकतं. त्याला डॉक्टरांनी दिलेली बुरशीची पावडर लागते, स्टोमा पावडर नव्हे. जखम खोल झाली तर दुकानाऐवजी सर्जनकडे जा, मग ते खासगी असोत की त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलचे. स्टोमाच जांभळा-काळा दिसू लागला तर ओपीडीची वाट पाहू नका, त्याच क्षणी इमर्जन्सीत न्या.