सायकल्समधला टेबललॅम्प: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी घरांच्या अंतर्सजावटीची दृश्ये ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या सायकल्स या रेंडर इंजिनात (प्रकाशाचे गणित मांडून चित्र तयार करणाऱ्या भागात) करतो आहे आणि या काळात माझा सर्वाधिक वेळ घेतला तो पलंगाशेजारच्या कापडी शेडच्या टेबललॅम्पने. पहिल्या कामात शेडलाच एमिशन मटेरियल, म्हणजे स्वतःच उजेड टाकणारा पृष्ठभाग, देऊन मी मोकळा झालो होतो. चित्र पाहून ग्राहकाने विचारले, ‘‘दिवा लावलाय की पांढरा कागद चिकटवलाय?’’ त्यांचे म्हणणे खरे होते, कारण त्या सपाट उजेडात कापडाची वीण आणि कडेची शिवण पार पुसली गेली होती.

आता मी शेडच्या आत तीन सेंटिमीटर त्रिज्येचा पॉइंट लाइट (सर्व दिशांना उजेड टाकणारा दिवा) ठेवतो, त्याला ब्लॅकबॉडी नोडने (तापमानावरून प्रकाशाचा रंग ठरवणाऱ्या घटकाने) २७०० केल्विनचा पिवळसर रंग देतो आणि कापडासाठी डिफ्यूज (प्रकाश विखरून परतवणारे) व ट्रान्सल्युसंट (प्रकाश विखरून आरपार सोडणारे) या मटेरियलांचे मिश्रण वापरतो. मग शेड बल्बच्या उंचीवर उजळ व कडांकडे मंद दिसते आणि तिच्या गोल तोंडातून निघालेला उजेड भिंतीवर शाळेच्या भूमितीतल्या अपास्तासारखी (हायपरबोला) वक्ररेषा काढतो. ती रेषा आपोआप उमटलेली पाहिली, तेव्हा या इंजिनावर माझा विश्वास बसला.

वॉटच्या आकड्याने मात्र बरेच दिवस चकवले. बल्बच्या खोक्यावरचे वॉट म्हणजे त्याला लागणारी वीज. सायकल्समधले वॉट म्हणजे त्यातून बाहेर पडणारा प्रकाश. म्हणूनच ब्लेंडरची अधिकृत माहितीपुस्तिका ८०० ल्युमेनच्या (ल्युमेन हे दिसणाऱ्या उजेडाचे माप) एलईडी बल्बसाठी अवघे २.१ वॉट सुचवते. तेवढे दिले की खोली काळोखी दिसते आणि हात दिव्याची ताकद वाढवायला जातो. पण वाढवायचे असते ते एक्सपोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड टिपतो ते, कारण रात्रीच्या खोलीत खरा छायाचित्रकारही तेच करतो. शिवाय व्हाइट बॅलन्स (कोणता प्रकाश पांढरा मानायचा ते ठरवणारी सेटिंग) दिवसाच्या उजेडाचा राहिला, तर २७०० केल्विनचा दिवा संत्र्याच्या सालीसारखा दिसतो.

उघड्या काचेच्या बल्बाबाबत मी अजून समाधानी नाही. काचेतून वळून येणारा प्रकाश शोधणे पाथ ट्रेसिंगला, म्हणजे सायकल्सच्या किरणांचा माग काढण्याच्या पद्धतीला, जड जाते आणि भिंतीवर पांढरे ठिपके उठतात. किरण कोणत्या प्रकारचा आहे ते सांगणाऱ्या लाइट पाथ नोडच्या मदतीने सावलीच्या किरणांपुरती काच पारदर्शक केली की ठिपके जातात. मात्र त्याबरोबर काचेमुळे भिंतीवर पडणारी प्रकाशाची नक्षीही जाते. चित्रातले ठिपके पुसणाऱ्या डीनॉइझरवर फार विसंबलो, तर कापडाची वीण पुन्हा गुळगुळीत होते. त्यामुळे शेडचा दिवा मी आता निर्धास्तपणे दृश्यात ठेवतो, आणि काचेचा बल्ब ग्राहकाने मागितला तरच.