हँडब्रेक आणि कन्व्हर्ट केल्यावर गायब होणारा आवाज: बरेच महिने वापरल्यानंतर

नागपूरच्या मारबतीची, म्हणजे वाईट गोष्टी घालवायला काढतात त्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक आवाजाशिवाय पाहण्यात काय मतलब आहे सांगा. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खी इतवारी रस्त्यावर, संदल वाजून राहिला, लोकं "घेऊन जा गे मारबत" ओरडून राहिले, अन कन्व्हर्ट केलेल्या फाईलमधे नुसती तोंडं हलताना दिसतात. आमच्या मोहल्ल्यातल्या अशा जुन्या रेकॉर्डिंगा एमपीफोरमधे आणायचं काम मी बरेच महिने हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरवर करून राहिलो आहे, तर आवाजाबद्दल जे समजलं ते लिहून ठेवतो.

आधी हे समजून घ्या की एमपीफोर, एमकेव्ही हे फक्त डबे आहेत. आतला व्हिडिओ वेगळा, ऑडिओ वेगळा, दोघांचे कोडेक, म्हणजे साठवायच्या पद्धती, वेगळे. जुन्या हँडीकॅमच्या एमटीएस फायली, म्हणजे २००६ मधे आलेला एव्हीसीएचडी फॉरमॅट, त्यात आवाज बहुतेक एसीथ्री नावाच्या कोडेकमधे असतो, अन हँडब्रेकमधे कोणी पासथ्रू ठेवलं तर तोच एसीथ्री जसाच्या तसा एमपीफोरमधे जातो. मग व्हीएलसी प्लेअरमधे मस्त ऐकू येतो कारण त्याच्याकडे स्वतःचे डिकोडर आहेत, पण कित्येक मोबाईलच्या गॅलरीत चूप. लोकं म्हणतात आवाज उडाला. उडाला नाही भाऊ, आहे तिथेच आहे, मोबाईलला वाचता येऊन नाही राहिला. ऑडिओ टॅबमधे जाऊन कोडेक एएसी (हा मोबाईलला वाचता येतो) अन मिक्सडाऊन, म्हणजे आवाज किती चॅनलमधे मिसळायचा ते, स्टीरिओ करा, काम झालं. पहिला ट्रॅक नेहमी हाच ठेवा, फाईव्ह पॉईंट वन, म्हणजे सहा चॅनलचा सराउंड आवाज, पाहिजे असेल तर तो दुसरा ट्रॅक म्हणून जोडा.

आता कॉलर माईकवाल्या रेकॉर्डिंगा. काही फायलींमधे दोन ऑडिओ ट्रॅक असतात, एक कॅमेऱ्याचा अन एक माईकचा. नेहमीच्या प्रीसेटमधे, म्हणजे आधीच तयार सेटिंगमधे, हँडब्रेक पहिलाच घेतो, दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. बोलणाऱ्याचा आवाज दुसऱ्यात असला की तुमच्या हाती फक्त गर्दीचा गोंगाट. माझी हँडब्रेकबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, एक ट्रॅक मागे राहून राहिला एवढं तरी त्याने सांगायला पाहिजे. म्हणून कन्व्हर्ट करायच्या आधी मी प्रत्येक फाईल मीडियाइन्फोमधे उघडतो, त्यात ट्रॅक किती, कोडेक कोणता, चॅनल किती सगळं दिसतं. अन जर हँडब्रेकच्या ऑडिओ टॅबमधे ट्रॅकच दिसत नसेल तर पुढे जाऊच नका, एक तर मूळ फाईलमधे आवाज नाही नाहीतर त्याला तो ओळखता नाही आला.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एका मंडळाच्या भाषणाने. हेडफोन लावला तर आवाज येते, थोडा पोकळ येते पण येते, अन मोबाईलच्या एकुलत्या स्पीकरवर वाजवलं तर शांत. ट्रॅक आहे, कोडेक एएसी आहे, सगळं बरोबर आहे. भानगड अशी होती की माईकच्या वायरीमुळे डावा अन उजवा चॅनल एकमेकांच्या उलटे रेकॉर्ड झाले होते, म्हणजे एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली, अन मोनो करताना दोघांची बेरीज झाली की उरते शून्य. यावर इलाज हँडब्रेकमधेच आहे, हे मला फार आवडलं: मिक्सडाऊनमधे साधा मोनो नाही घ्यायचा, फक्त डावा चॅनल घेणारा मोनो निवडायचा. ते केलं अन भाषण एकदम खणखणीत.

आवाज आहे पण बारीक आहे, असं असेल तर त्याच टॅबमधे गेन आहे, अन एसीथ्री सोर्स असेल तर डीआरसी पण आहे, त्याने बारीक आवाज वर येतात.

पण खरं सांगू का, फक्त ऑडिओच बिघडला असेल तर हँडब्रेक वापरू नका. तो व्हिडिओ पुन्हा एन्कोड करतोच, फक्त कॉपी करायची सोय त्यात नाही, अन मे महिन्यात इथे बाहेर ४५ डिग्री असताना लॅपटॉपला तासभर तापवायची काहीच गरज नाही, वरून क्वालिटी पण थोडी जातेच. त्यासाठी एफएफएमपेग हे कमांड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर घ्या, व्हिडिओ कॉपी अन ऑडिओ एएसी एवढं सांगायचं, मोठी फाईल पण पाहता पाहता होते. तिथे पण एक सांभाळा, मॅप, म्हणजे कोणते ट्रॅक घ्यायचे ते, नाही दिलं तर तो सगळ्यात जास्त चॅनलवाला एकच ट्रॅक उचलतो, बाकीचे सोडून देतो. ऑनलाईन कन्व्हर्टरच्या साईटी मी पूर्ण सोडल्या, अर्धा दिवस अपलोड करा अन ऑडिओचं एक सेटिंग पण हातात नाही.

लांब फाईल असेल तर हँडब्रेकच्या प्रिव्ह्यूमधे मधला एखादा भाग काही सेकंद काढून, तो ज्या मोबाईलवर किंवा टीव्हीवर पाहायचा आहे त्याच्यावरच लावून ऐका, मगच रात्रभराची रांग लावा, अन मूळ एमटीएस फायली तोवर डिलीट करू नका.