टोमॅटोची पानं बिघडली: नीमतेल की तांब्याची पावडर?

गच्चीवरच्या टोमॅटोचं पान बिघडलं की आमच्या इंदुरात दोनच सल्ले मिळतात. शेजारच्या काकू म्हणतात, "नीमतेल मार गं." नर्सरीवाला कॉपर ऑक्सिक्लोराइडची, म्हणजे तांब्याच्या बुरशीनाशक पावडरीची, पुडी पुढे करतो. चुकत दोघंही नाहीत, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोरचा रोग वेगळा असतो.

मागच्या थंडीत मी तीन आठवडे तेलच मारत बसले. डाग होते मातीलगतच्या पानांवर, तपकिरी. पान उजेडात धरलं तर डागात एकात एक वर्तुळं. हा करपा, म्हणजे बुरशी. तेलाने काडीचा फरक पडला नाही. इथे तांबंच हवं: लिटरला अडीच ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजूंना. पण डागाळलेलं पान त्यानेही बरं होत नाही, वरची कोरी पानं तेवढी वाचतात. म्हणून आधी कात्री. आणि झारीने वरून पाणी घालणं बंद. आपली काळी माती शिंतोड्यांबरोबर पानांवर उडते, बुरशी तिच्यातूनच चढते. पाणी बुंध्याशी घाला, वर वाळक्या पाल्याचा थर द्या.

नीमतेलाचं काम पानाच्या पाठीमागे. रोप हलवल्यावर पांढरी माशी भुर्रकन उडाली, किंवा पानाखाली लाल कोळ्यांची बारीक जाळी दिसली, तर लिटरला पाच मिली तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. दर आठवड्याला, तेही संध्याकाळीच. मी एकदा भर दुपारी मारलं, पानं भाजली.

शेंडाच आखडला, नवी पानं बारीक, पिवळट, वाटीसारखी वळली, तर तो बोकड्या. पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. दोन्ही औषधं फुकट. रोप उपटा. जिवावर येतं, पण शेजारची रोपं वाचतात. मात्र उन्हाच्या तडाख्यात फक्त खालची पानं गुंडाळली आणि शेंडा तजेलदार असेल, तर हात लावू नका. दरवर्षी बोकड्याच छळत असेल तर बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचं 'अर्का रक्षक' बी लावून बघा; ते बोकड्या आणि करपा दोन्हींना बऱ्यापैकी दाद देत नाही.

चार-पाच गमल्यांसाठी एकच बाटली घ्यायची तर मी तेल घेईन. करप्याचं निम्मं काम कात्री करते. माशीला कात्री काय करणार? कापलेली पानं घरच्या खतात नको, सकाळच्या गाडीत ओल्या कचऱ्यात द्या.