हब आणि विंचच्या प्लॅनेटरीसाठी थ्रस्ट वायसर: कोणता घ्यावा, कोणता काउंटरवरच ठेवावा

पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही स्पेअरच्या दुकानात प्लॅनेटरीचा (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणाऱ्या गिअरबॉक्सचा) वायसर मागा, काउंटरवर चार वेगळ्या वस्तू येतात आणि चारही "बसेल हो, एकच आहे" म्हणून पुढे सरकवल्या जातात. बसतात चारही. प्रश्न पुढचा पावसाळा काढतात का, एवढाच.

हा आढावा बॅकहो लोडरच्या मागच्या चाकांच्या हबमधल्या आणि ट्रॉलरच्या जाळं ओढणाऱ्या विंचमधल्या प्लॅनेटरीसाठी मिळणाऱ्या वायसरांचा. निकाल आधीच सांगतो. हबसाठी पोलादी पाठीचा, ब्रॉंझच्या थराचा, खाचा पाडलेला डबाबंद संच. विंचसाठी अख्खा फॉस्फर ब्रॉंझ. लेथवर कापलेला गनमेटल अडल्या वेळेला, तोही अटींवर. नायलॉन नको. गिऱ्हाईक दुकानात धातू विचारतं आणि भाव विचारतं. वायसरचं तोंड, म्हणजे गिअरला घासणारी बाजू, मात्र कुणी नीट बघत नाही, आणि आयुष्य ठरतं ते तिथेच.

काम काय असतं ते थोडक्यात. प्लॅनेट गिअर, म्हणजे छोटा गिअर, पिनवर फिरतो, दोन्ही बाजूंना पिना धरणाऱ्या कॅरिअरच्या भिंती आणि मध्ये हा वायसर. सरळ दात्यांच्या गिअरला कागदावर बाजूचा रेटा नसतो, म्हणून बरेच मिस्त्री याला नुसता स्पेसर समजतात. प्रत्यक्षात पिनचं भोक थोडं लांबट झालेलं असतं, भाराखाली कॅरिअर पीळ खातो, चिरेखाणीत मशीन तिरकं उभं असतं. गिअर एका अंगाला सरकतोच. तिरप्या दात्यांच्या प्लॅनेटरीत प्रकार वेगळा. मधल्या सन गिअरकडून येणारा रेटा आणि बाहेरच्या रिंग गिअरकडून येणारा रेटा एकमेकांच्या उलट, त्यामुळे बेरीज शून्य. पण ते लागतात गिअरच्या समोरासमोरच्या कडांना, म्हणून गिअर कलंडायला बघतो आणि वायसरच्या काठावर चढतो. अशा गिअरबॉक्समधले वायसर समोरासमोरच्या उलट काठांवर झिजलेले निघतात. सुईसारख्या बारीक, सुट्या नीडल रोलरवर चालणाऱ्या गिअरमध्ये याच वायसरवर आणखी एक जबाबदारी असते, नीडल जागेवर ठेवण्याची. वायसर पातळ झाला की नीडल बाहेर डोकावतात, आणि एक जरी दात्यात गेली तरी हबचा सगळा संच भंगारात.

आता वेग बघू, कारण निवड त्याच्यावर ठरते. समजा सन गिअरला १८ दाते, प्लॅनेटला २७, रिंगला ७२. रिंग स्थिर, कॅरिअर चाकाबरोबर फिरतो. म्हणजे ५ ला १ चं प्रमाण. मागचं मोठं चाक ताशी १२ किलोमीटरला मिनिटाला जेमतेम ५० फेरे घेतं. कॅरिअरच्या हिशेबाने प्लॅनेट फिरतो ५० गुणिले ७२ भागिले २७, म्हणजे साधारण १३३ फेरे. वायसरचा सरासरी व्यास ५० मिमी धरला तर घसरण्याचा वेग निघतो सेकंदाला ०.३५ मीटर. हा वेग फारच कमी आहे. इतक्या संथ चालीत दोन सपाट तोंडांमध्ये तेलाचा सलग पडदा उभा राहत नाही. धातू धातूला अधूनमधून शिवतोच. विंचचा ड्रम तर याहून सावकाश आणि जाळं भरलेलं असेल तर भार जास्त. म्हणून इथे लागतो असा पृष्ठभाग, जो थोडं तेल स्वतःजवळ धरून ठेवेल आणि शिवला तरी चिकटणार नाही.

तेल धरून ठेवण्याचं काम खाचा आणि खळगे करतात. चांगल्या वायसरवर आतल्या भोकापासून बाहेरच्या काठापर्यंत तीन-चार खाचा असतात. त्यांतून तेल तोंडावर पसरतं, नीडलपर्यंत पोचतं आणि झिजेची पूड बाहेर निघते. पण खाच असणं पुरेसं नाही, तिची कड कशी आहे ते बोटाने बघा. पूर्ण समांतर तोंडांमध्ये तेल दाब धरत नाही. त्याला आत शिरायला निमुळती वाट लागते. खाचेची कड गोल केलेली असेल तर ही वाट मिळते. कड धारदार असेल तर ती खवणीसारखी गिअरच्या तोंडावरचं तेल खरवडून काढते, म्हणजे खाच नसती तर बरं. स्वस्त वायसरांत सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच, आणि नखाने कड चाचपली की दुकानातच कळतो. नख अडकलं तर वायसर परत द्या.

पोलादी पाठीचा ब्रॉंझ वायसर हबला का चांगला? पाठ पोलादाची, त्यामुळे कॅरिअरच्या खोबणीत अडकणारा कान मोडत नाही. तोंडावरचा थर मऊ, त्यामुळे एखादा कण आत गेला तर तो त्यात रुततो आणि गिअरच्या तोंडाला कमी ओरखडे येतात. थर पातळ असतो, अर्ध्या मिमीच्याही आत. म्हणून खाली पोलाद दिसायला लागलं की वायसर संपला, जाडी किती उरली याचा हिशेब नको. डबाबंद संचांमध्येही सगळे सारखे नसतात. काचेवर ठेवून एका काठावर बोट दाबा. दुसरा काठ उचलला गेला किंवा टकटक वाजला तर वायसर वाकलेला आहे. प्रेसमधून कापल्यावर सरळ न केलेला माल असा निघतो. जाडी मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा, फरक ०.०३ मिमीपेक्षा जास्त असेल तर आम्ही तो वायसर बसवणार नाही.

पॉलिमरचा थर असलेला पोलादी वायसरही मिळतो, तोंडावर ठिपक्यांसारखे खळगे असलेला. खळग्यांत ग्रीस साठतं आणि संथ, अर्ध्या-कोरड्या चालीला तो छान चालतो. ग्रीसवर चालणारी छोटी प्लॅनेटरी असेल तर हाच घ्या. हबच्या आतच तेलात चालणारे ओले ब्रेक असतील तर घाटात हब चांगलाच तापतो, तिथे ब्रॉंझ बरा.

लेथवाल्याकडचा गनमेटल. खरा गनमेटल म्हणजे तांबं ८८, कथील १०, जस्त २ टक्के, आणि तो असेल तर तक्रार नाही. अडचण ही की गनमेटल म्हणून कापली जाते ती पुष्कळदा पितळेची दांडी. पितळेत जस्त खूप असतं आणि खाऱ्या पाण्यात ते आधी निघून जातं. मागे उरतं लालसर, ठिसूळ, सच्छिद्र तांबं. मिरकरवाड्याच्या किंवा देवगडच्या धक्क्यावर ज्या विंचचं सील गळतं, तिथे पितळी वायसर हाताने चुरडण्याइतका झालेला निघू शकतो. म्हणून पहिली अट, धातू कुठल्या दांडीचा ते खात्रीच्या माणसाकडून घ्या. दुसरी अट फिनिशची. लेथच्या टूलच्या रेषा तोंडावर तशाच ठेवू नका. जाड काच, तिच्यावर ४०० चा आणि मग ६०० चा पाण्याचा पॉलिश पेपर, थोडं डिझेल, आणि आठच्या आकड्यात घासत तोंड एकसारखं करा. खाचा कानशीने पाडल्या तर कडा त्याच कागदाने गोल करा. मग ब्रश आणि डिझेलने धुवा. खाचेत राहिलेली पेपरची कच नव्या गिअरला खाते.

नायलॉनबद्दल एकच मुद्दा पुरेसा. साधं नायलॉन ६ पाणी पितं, वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास, आणि फुगतं. कोकणातल्या पावसात सील थोडं जरी गळलं तरी वायसर जाड होतो, ठेवलेला प्ले (मोकळीक) संपतो आणि गिअर आवळला जातो. ॲसिटल हे दुसरं प्लॅस्टिक बरंच कमी पाणी पितं, पण काउंटरवरचा पांढरा वायसर नायलॉन आहे की ॲसिटल हे बघून सांगता येत नाही.

बसवताना. हब फिरवून ड्रेन प्लग तळाशी आणा, तेल काढा, कव्हर-कॅरिअर बाहेर घ्या. कव्हरच्या आतल्या बाजूला सन गिअरच्या शाफ्टला टेकणारं थ्रस्ट बटण किंवा प्लेट असते, तीही याच कुटुंबातली. तिच्यावर खड्डा पडला असेल तर पुढे-मागे घेताना येणारा 'टक्' आवाज तिचा असू शकतो, आणि नवे वायसर घालून तो जाणार नाही. पिन काढण्याआधी कुठली पिन कुठल्या भोकात होती याच्या खुणा करा. मग कॅरिअरच्या तोंडावर सरळपट्टी धरा. जुना वायसर कान मोडून फिरत राहिला असेल तर तिथे गोल चर पडलेला असतो, आणि अशा चरावर कितीही महाग वायसर ठेवा, पहिल्या भारातच तो बशीसारखा वाकतो. चर असेल तर कॅरिअर फेस करून, म्हणजे तोंड सपाट कापून, घ्यावा लागतो आणि जेवढं कापलं तेवढा जाड वायसर घालावा लागतो. दोन पातळ वायसर एकावर एक घालून जाडी भरणं हा आपल्याकडचा आवडता जुगाड; मूळ रचनेतच दोन दिले असतील तर ठीक, नाहीतर नको. मधल्या तोंडांना तेल पोचत नाही आणि कान एकाचाच खोबणीत बसतो.

वायसर बसवण्याआधी तासभर त्याच गिअर ऑईलमध्ये बुडवून ठेवा. खाचांचं ब्रॉंझचं तोंड गिअरकडे, पोलादी पाठ कॅरिअरकडे. हे उलटं बसलेलं इतक्या वेळा दिसतं की दोनदा बघायला लाज वाटायचं कारण नाही. बाहेरचा व्यास दात्यांच्या मुळापर्यंत पोचता कामा नये. सुट्या नीडल मोजून काढा, मोजून घाला, आणि त्या धरायला ग्रीस लावाल ते पातळ थराने. गोळे भरले तर वायसरच्या खाचा बंद होतात आणि सुरुवातीचे तास गिअर कोरडाच फिरतो. पिन ठोकून झाली की फीलर गेजने प्ले बघा. मशीनची पुस्तिका सांगेल तोच आकडा खरा. ती हाताशी नसेल तर अशा मापाच्या गिअरला ०.३ ते ०.६ मिमी हा कामचलाऊ अंदाज. गिअरच्या परिघावर तीन ठिकाणी मोजा. आकडे वेगळे येत असतील तर पिन तिरकी आहे.

तेलाच्या बाबतीत पिवळ्या धातूचं पथ्य असतं. जास्त दाबाच्या गिअर ऑईलमधली गंधकाची द्रव्यं तापल्यावर तांब्याच्या मिश्रधातूवर चढतात आणि ब्रॉंझ काळा पडतो. डब्याच्या माहितीपत्रकात तांब्याच्या पट्टीच्या चाचणीचा निकाल असतो. १ए किंवा १बी असेल तर निर्धास्त. हबमध्ये ओले ब्रेक असतील तर पुस्तिकेत सांगितलेलं ब्रेकचं तेलच घाला, घट्ट म्हणून ८५डब्ल्यू-१४० गिअर ऑईल ओतू नका, ब्रेक किंचाळायला लागतील. पातळी बघताना हबवरची रेघ आडवी करून मगच बघायची, नाहीतर तेल कमी भरतं आणि वरच्या बाजूने फिरणाऱ्या प्लॅनेटला शिंतोडेही मिळत नाहीत.

आणि समुद्र. मासेमारीच्या पावसाळी बंदीच्या आधी होड्या वर ओढायला किनाऱ्यावर बॅकहो लावतात. रस्त्यावरून तापून आलेला हब थेट लाटेत घातला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठावरून खारं पाणी आत ओढलं जातं. तेवढा वेळ थांबा, हब हाताला कोमट लागू दे. त्याच आठवड्यात प्लगमधून थोडं तेल काढून बघा. दुधाळ असेल तर बदलायचंच, "पुढच्या सर्व्हिसला बघू" चालत नाही.

नवा संच घातल्यावर पहिलं तेल लवकर काढून तपासावं, आणि इथे एक चकवा आहे. ड्रेन प्लगचं चुंबक स्वच्छ निघालं म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. ब्रॉंझ चुंबकाला चिकटत नाही. तेल पांढऱ्या एनॅमलच्या थाळीत ओता आणि उन्हात तिरकं धरा. सोनेरी झाक थोडी असेल तर वायसर रुळतोय. चकचकीत पापुद्रे दिसले तर उघडा. उघडल्यावर तोंड काय सांगतं ते वाचता येतं: गोल गोल ओरखडे म्हणजे धूळ शिरली, जांभ्याच्या खाणीत हेच जास्त, कारण त्या तांबड्या धुळीतले लोहाच्या ऑक्साईडचे कण ब्रॉंझपेक्षा कितीतरी कठीण असतात. गिअरच्या तोंडावर तांबूस लेप म्हणजे तेल कमी पडून ब्रॉंझ चिकटला. पोलाद निळं पडलं तर तेल पोचलंच नव्हतं. एकाच बाजूची झीज म्हणजे पिनचं भोक लांबट झालंय, आणि तिथे वायसर बदलून पैसे वाया.

विंचवाल्यांसाठी वेळ १ जून ते ३१ जुलैच्या बंदीतला. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात लेथवाल्यांकडे रांग असते आणि घाईत कापलेल्या वायसराच्या कडा कुणी गोल करत बसत नाही. काम जूनच्या पहिल्या पंधरवड्यात द्या, संचाबरोबर ऑईल सील आणि पिनही मागवा, आणि जुना वायसर नमुना म्हणून देताना त्याची झिजलेली जाडी नव्हे, मूळ जाडी लिहून द्या.