फोर्ड, शेवरले की इसुझू? अमेरिकेत मध्यम ट्रक घेण्यापूर्वी

वर्ग ४ ते ७, म्हणजे मालासकट १४,००१ ते ३३,००० पौंडांपर्यंतचा ट्रक. तो घेताना बहुतेक जण आधी हॉर्सपॉवर बघतात आणि मग हप्ता. पण हा ट्रक दहा-पंधरा वर्षं राबणार. तेवढ्या काळात कंपनी या धंद्यात टिकेल का, आणि इंजिन, गिअरबॉक्स, केबिन कोणाकोणाचं आहे, हे आधी विचारा. बिघाड झाल्यावर दार कोणाचं ठोठवायचं, ते त्यावरच ठरतं.

फोर्डचा डाव सरळ आहे: सगळं आपलंच. २०१५ पर्यंत एफ-६५० आणि एफ-७५० हे ट्रक नेव्हिस्टार या दुसऱ्या ट्रक कंपनीबरोबरच्या भागीदारीतून मेक्सिकोत बनत. त्यांत कमिन्सचं इंजिन आणि ॲलिसनचा गिअरबॉक्स मिळायचा. मग उत्पादन ओहायोतल्या एव्हन लेकला आलं आणि २०१६ च्या मॉडेलपासून फोर्डचंच ६.७ लिटर डिझेल किंवा पेट्रोल इंजिन आणि फोर्डचाच सहा गिअरचा ऑटोमॅटिक बसू लागला. वॉरंटीच्या वेळी इंजिनवाला गिअरबॉक्सवाल्याकडे बोट दाखवतो, तो तमाशा इथे होत नाही. पण ॲलिसनच हवा असेल तर नव्या एफ-६५० मध्ये तो नाही, आणि जुन्या ग्राहकांची ही कुरकुर अजून संपलेली नाही.

शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्स, तिची गोष्ट वाकडी आहे. २००९ मध्ये शेवरले कोडियाक आणि जीएमसी टॉपकिक बंद करून कंपनी या वर्गातून बाहेर पडली. परतली ती दोन पाहुण्यांच्या खांद्यावर बसून. २०१६ च्या मॉडेलपासून इसुझूचे चपट्या तोंडाचे, म्हणजे पुढे नाक नसलेले आणि इंजिनावरच केबिन असलेले, ट्रक शेवरलेच्या बिल्ल्याने आले, आणि २०१९ च्या मॉडेलपासून नेव्हिस्टारबरोबर विकसित केलेले सिल्व्हेराडो ४५००, ५५००, ६५००, ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला जोडलेले. त्यांत ६.६ लिटर ड्युरामॅक्स डिझेल आणि ॲलिसन. यंत्र उत्तम, पेट्रोलचा पर्याय मात्र ठेवला नाही. माझा आक्षेप यंत्रावर नाहीच. करारावर उभा असलेला ट्रक करार असेपर्यंतच नवा मिळतो. नंतर ड्युरामॅक्स आणि ॲलिसनचे भाग मिळत राहतात, कारण ड्युरामॅक्स मोठ्या पिकअपमध्येही असतं आणि ॲलिसन इतर कंपन्यांच्या ट्रकमध्येही. अडतं ते बॉनेट, वायरिंग हार्नेस आणि डॅशबोर्डच्या बारक्या तुकड्यांवर. दहा गाड्यांचा ताफा उभारायचा असेल तर हे आधी तोलून बघा.

इसुझूची ओळख या वर्गात चपट्या तोंडाच्या ट्रकचीच. तिच्या एन मालिकेत डिझेलमध्ये ५.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, पेट्रोलमध्ये जनरल मोटर्सचं व्ही-८. बंपरपासून केबिनच्या पाठीपर्यंत साधारण ७० इंच. नाकवाल्या ट्रकला याहून तीनेक फूट जास्त लागतात. तेवढ्याच एकूण लांबीत मोठी बॉडी बसते आणि अरुंद गल्लीत वळायला सोपं जातं. ड्रायव्हर मात्र पुढच्या चाकांच्या वर बसतो, त्यामुळे प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. इंजिन बघायला केबिन पुढे पाडावी लागते. पाडण्याआधी डॅशबोर्डवरचा कॉफीचा कप आणि पावतीपुस्तक उचला, नाहीतर सगळं काचेवर येऊन आदळतं. सतत हायवे किंवा जड ट्रेलर असेल तर नाकवालाच घ्या. दिवसाला तीस-चाळीस थांबे असलेली शहरातली डिलिव्हरी असेल तर मी चपट्याच्या बाजूने.

बॉडीचं माप ठरल्याशिवाय चॅसीवर, म्हणजे बॉडी न बसवलेल्या गाडीवर, सही करू नका. नाकवाल्या ट्रकमध्ये केबिनच्या पाठीपासून मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारणपणे ६०, ८४, १०८ किंवा १२० इंच असतं. ६० वर नऊ फुटी बॉडी, ८४ वर बारा, १०८ वर चौदा, १२० वर सोळा फुटी बसते. ८४ वर सोळा फुटी लादली की मागचा भाग लोंबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ वाटायला लागतं. डीलरच्या आवारात उभी असलेली गाडी स्वस्तात मिळते म्हणून हीच चूक होते.

आता वजन. मालासकट १९,५०० पौंडांची मर्यादा असलेला, म्हणजे वर्ग ५ चा ट्रक आणि मोकळी चॅसी ७,५०० पौंड धरली, तर माहितीपत्रकात १२,००० पौंड वहनक्षमता दिसेल. त्यातून बॉक्स बॉडीचे ३,०००, लिफ्टगेटचे (माल चढवायच्या मागच्या पाळण्याचे) ८००, दोन माणसांचे ४०० आणि इंधनाचे २५० वजा करा. हातात उरतात ७,५५०. माल ९,००० चा असेल तर वर्ग ६ बघावा लागेल. जाड स्प्रिंगा टाकून गाडीची कायदेशीर मर्यादा वाढत नाही. ही मर्यादा २६,००१ किंवा जास्त असली की व्यावसायिक परवान्याचा ड्रायव्हर लागतो, म्हणून कित्येक एफ-६५० मुद्दामच २६,००० च्या आत नोंदवलेले असतात. ट्रेलर १०,००० च्या वरचा आणि दोन्हींची बेरीज २६,००१ झाली तरीही तोच परवाना.

पेट्रोल की डिझेल, याचा हिशेब कागदावर मांडा. वर्षाला १५,००० मैल, पेट्रोलवर गॅलनला ८ मैल आणि डिझेलवर १० मैल धरले, तर १,८७५ आणि १,५०० गॅलन लागतील. पेट्रोल ३ डॉलर आणि डिझेल ३.७५ असेल तर दोन्हींचं बिल ५,६२५ डॉलर. वाचलं शून्य! त्यावर डिझेल इंजिनचे जास्तीचे पैसे, आणि डिझेलच्या दोन-तीन टक्के, धूर साफ करायला लागणारं यूरियाचं द्रव वेगळं. मैल दुप्पट असतील, ओझं जड असेल किंवा गाडी उभी ठेवून तासन्‌तास पंप चालवायचा असेल, तर गणित फिरतं.

डिझेलला खरा त्रास होतो तो छोट्या फेऱ्यांचा. धुराड्यातला काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्याला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. दोन-दोन मैलांवर इंजिन बंद होत राहिलं की सफाई अर्धवट राहते, काजळी साचते, दिवा लागतो आणि शेवटी ट्रक ताकद कापून रांगायला लागतो. दिवा लागल्यावर गाडी मोकळ्या जागी उभी करून वीस ते चाळीस मिनिटं सफाई पूर्ण होऊ द्या. सुकं गवत किंवा पुठ्ठे धुराड्याजवळ नकोत.

वापरलेला डिझेल ट्रक घेत असाल तर मैलांच्या आकड्याइतकेच इंजिनचे तास वाचा. ६०,००० मैल आणि ६,००० तास म्हणजे सरासरी ताशी १० मैल. ती गाडी बहुधा उभ्या उभ्याच झिजली आहे. स्कॅनर लावून शेवटच्या काही सफाया किती मैलांच्या अंतराने झाल्या तेही बघा. अंतर आखडत चाललं असेल तर फिल्टरचा खर्च भावातून वजा करायला लावा.